ड्युओडोट, अ‍ॅट्रोपेन आणि मिडाझोलामची सुई: पहिल्या दहा मिनिटांसाठी काय जवळ ठेवावं

ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलेलं असो, फवारताना अंगावर सांडलेलं असो किंवा सरिनसारखा नर्व्ह एजंट (रासायनिक अस्त्र म्हणून वापरलं जाणारं, मज्जातंतूंवर परिणाम करणारं विष) हवेतून आलेला असो, माणूस दगावतो तो श्वास कोंडून. श्वासनलिका आवळतात, फुप्फुसात स्राव साचतो, छातीचे स्नायू लुळे पडतात आणि मेंदूकडून श्वासाला मिळणारी चालनाही मंदावते. शीर सापडून सलाइन सुरू होईपर्यंतचा वेळ हातचा जाऊ नये, म्हणून मांडीत कपड्यावरूनच टोचता येणाऱ्या तयार सुया निघाल्या. त्यांना ऑटोइंजेक्टर म्हणतात. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, कीटकनाशकांचे कारखाने आणि गोदामं, लहान रुग्णालयं अशा ठिकाणी त्या घ्याव्यात का, कोणत्या घ्याव्यात आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे इथे मांडलं आहे. निकाल आधीच सांगतो: सुई उत्तम आहे, पण ती उपचाराची सुरुवात आहे. सुरुवातीलाच उपचार समजून खरेदी केली तर पंधराव्या मिनिटाला कपाट रिकामं असतं.

ड्युओडोटपासून सुरू करू, कारण बहुतेक जण तिच्याबद्दलच विचारतात. मेरिडियन कंपनीच्या या सुईला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2006 मध्ये मान्यता दिली. अमेरिकी सैन्यासाठीची तशीच सुई, अ‍ॅटना, 2002 पासून होती. एकाच नळीत दोन कप्पे आहेत. एकात 0.7 मिलीमध्ये 2.1 मिग्रॅ अ‍ॅट्रोपिन, दुसऱ्यात 2 मिलीमध्ये 600 मिग्रॅ प्रॅलिडॉक्साइम क्लोराइड, म्हणजे ज्याला सगळे ‘पाम’ म्हणतात ते. सुई एकच, आधी अ‍ॅट्रोपिन जातं, पाठोपाठ पाम. याआधीच्या मार्क वन किटमध्ये या दोन औषधांच्या दोन वेगळ्या सुया होत्या आणि त्या क्रमाने टोचाव्या लागत. तीन डोस द्यायचे तर सहा वेळा टोचणं आलं. संरक्षक सूट, जाड हातमोजे, मुखवट्याच्या काचेवर धरलेली वाफ अशा अवस्थेत सहाऐवजी तीन वेळा टोचावं लागणं हा फार मोठा फरक आहे. केवळ एवढ्यासाठीही ड्युओडोट मार्क वनच्या पुष्कळ पुढे आहे.

दोन औषधं का, हे नीट समजलं की पुढच्या चुका टळतात. ही विषं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) जखडून ठेवतात. मग अ‍ॅसिटिलकोलिन हे नसांचा संदेश पुढे नेणारं रसायन साचत जातं आणि ग्रंथी, स्नायू, मेंदू सगळेच बेफाम होतात. अ‍ॅट्रोपिन मस्करिनिक बाजू रोखतं: लाळ, घाम, छातीतला स्राव, आवळलेल्या श्वासनलिका, मंदावलेली नाडी. स्नायूंचं फडफडणं आणि लुळेपणा निकोटिनिक बाजूचा. तिथे अ‍ॅट्रोपिनचा काहीही उपयोग नाही. कितीही दिलं तरी नाही. ते काम पामचं. ते विषाला विकरापासून सोडवतं, पण ‘एजिंग’ होण्याआधी पोचलं तरच. एजिंग म्हणजे विष आणि विकर यांचा बंध कायमचा घट्ट होणं. नर्व्ह एजंटांपैकी सोमनमध्ये हे साधारण दोन मिनिटांत घडतं, सरिनमध्ये काही तास लागतात, व्हीएक्समध्ये दिवस-दोन दिवस. कीटकनाशकांत डायमिथाइल गटाचं (डायमिथोएट, मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस) एजिंगचं अर्धायुष्य सुमारे 3.7 तास, तर डायइथाइल गटाचं (क्लोरपायरिफॉस, पॅराथिऑन) सुमारे 33 तास. म्हणून बाटलीवरचं नाव वाचून रुग्णालयाला कळवणं हे सुई टोचण्याइतकंच महत्त्वाचं. बाटली धुऊन किंवा फेकून देऊ नये. पिशवीत घट्ट बांधून सोबत न्यावी.

आता प्रत्यक्ष वापर. पाकीट खाचेवरून फाडा. सुई मुठीत मधोमध धरा, हिरवं टोक खाली. अंगठा कोणत्याच टोकावर ठेवायचा नाही. दुसऱ्या हाताने मागचं राखाडी टोपण सरळ ओढून काढा; ते निघालं की सुई भरलेल्या बंदुकीसारखी समजायची आणि हिरव्या टोकाला हात लावायचा नाही. मांडीचा बाहेरचा मधला भाग निवडा. कपड्यावरून चालतं, पण आधी खिसा चाचपून पाहा. किल्ल्या, फोन, पाकीट यांवर सुई आपटली तर औषध तिथेच वाया जातं. हिरवं टोक काटकोनात जोराने मांडीवर दाबा, सुई सुटल्याचं हाताला जाणवेपर्यंत दाबत राहा, आणि मग तसंच दाबून 10 सेकंद धरा.

हे दहा सेकंद बहुतेक वेळा तीन-चारच होतात. खटका जाणवला की हात आपोआप मागे येतो आणि पाम, जे आकारमानाने जास्त आणि क्रमाने दुसरं आहे, ते अर्धवट राहतं. एक हजार एक, एक हजार दोन असं मोठ्याने मोजायची सवय लावावी. सुई बाहेर काढल्यावर हिरव्या टोकाकडे पाहा. तिथून टोचणारी बारीक सुई बाहेर आलेली दिसली तर औषध अंगात गेलं. दिसली नाही तर टोपण निघालंय का ते तपासा आणि पुन्हा, अधिक जोराने दाबा. ‘चालली नाही’ म्हणून टाकून दिलेली सुई बऱ्याचदा फक्त हलक्या हाताने दाबलेली असते. वापरलेली सुई कठीण पृष्ठभागावर दाबून वाकवा, पाकिटात घाला आणि रुग्णासोबतच पाठवा. पुढच्या डॉक्टरला किती डोस झाले ते त्या रिकाम्या नळ्या मोजूनच सर्वांत खात्रीने कळतं.

कृश माणसाची मांडी टोचण्याआधी हाताने गोळा करून धरावी. आडवी सुई मारू नये, दंडात मारू नये.

किती द्यायच्या? धूसर दिसणं, बाहुल्या बारीक होणं, डोळ्यांतून-नाकातून पाणी, अचानक लाळ, छाती आवळणं, घरघर, मळमळ, पोटात कळ, अंग फडफडणं यांपैकी दोन किंवा अधिक लक्षणं असतील तर एक सुई. मग 10 ते 15 मिनिटं लक्ष ठेवा. तेवढ्यात गंभीर लक्षण दिसलं, म्हणजे भांबावणं, श्वासाचा मोठा त्रास, सगळ्या अंगाचे स्नायू जोरात उडणं किंवा गळून जाणं, नकळत लघवी-शौच, झटके, बेशुद्धी, तर आणखी दोन लागोपाठ. रुग्ण सापडला तेव्हाच गंभीर असेल तर थांबायचं नाही, तिन्ही एकामागोमाग. तीनच्या पुढे वैद्यकीय देखरेखीशिवाय जायचं नाही. आणि ज्याला लक्षणंच नाहीत, त्याला ‘खबरदारी म्हणून’ मुळीच द्यायची नाही. विष नसताना 2 मिग्रॅ अ‍ॅट्रोपिन गेलं की तोंड कोरडं पडतं, नाडी धावते, जवळचं दिसत नाही, लघवी अडते आणि घाम बंद होतो. उन्हात सूट घालून काम करणाऱ्याचा घाम बंद होणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

1991 च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये नागरिकांना अ‍ॅट्रोपिनच्या सुया वाटल्या गेल्या आणि बऱ्याच मुलांना त्या चुकून टोचल्या गेल्या. मुलांमध्ये अ‍ॅट्रोपिनचे परिणाम दिसले, काहींना ते बऱ्यापैकी झाले, पण मृत्यू झाला नाही. यातून दोन गोष्टी कळतात. चुकून गेलेला एक डोस सहसा जीव घेत नाही, त्यामुळे खरी लक्षणं असताना कचरू नये. आणि ही वस्तू घरात मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

मुलांसाठी ड्युओडोट नाही, निदान 41 किलोपर्यंत नाही. तिथे अ‍ॅट्रोपेन. तिच्यात फक्त अ‍ॅट्रोपिन असतं आणि ती चार ताकदींत येते. पिवळी 0.25 मिग्रॅ, 7 किलोच्या आतल्या बाळाला, निळी 0.5 मिग्रॅ, 7 ते 18 किलो. गडद लाल 1 मिग्रॅ, 18 ते 41 किलो. त्यापुढे हिरवी 2 मिग्रॅ. रंगांची ही योजना फार चांगली आहे, कारण गडबडीत आकडे वाचले जात नाहीत, रंग दिसतो. तरीही पेटीच्या झाकणाच्या आत वजन आणि रंग यांचा तक्ता मोठ्या अक्षरांत चिकटवावा. अ‍ॅट्रोपेनची उणीव स्पष्ट आहे: पाम वेगळं द्यावं लागतं. कार्बामेट या दुसऱ्या कीटकनाशक गटाच्या विषबाधेत मात्र ही उणीव राहत नाही. कार्बामेट विकराला काही तासांत आपणच सोडतं, त्याचं एजिंग होत नाही, त्यामुळे पामची सहसा गरज पडत नाही. विष कोणत्या गटातलं हे कळत नसेल आणि लक्षणं गंभीर असतील, तर मोठ्या माणसाला दोन्ही औषधं द्यावीत.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण खरेदी करणारे ती हमखास विसरतात. ‘कीटकनाशकावरची सुई’ असं काही नसतं. ही सुई कोलिनेस्टरेज रोखणाऱ्या विषांची आहे. पायरेथ्रॉइड, पॅराक्वाट, अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड यांवर ती उतारा नाही. अ‍ॅमिट्राझ हे गोचीडनाशक तर चांगलंच फसवतं: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मंद, रुग्ण गुंगीत, अगदी ऑर्गनोफॉस्फेटसारखं चित्र. अफूवर्गीय औषधांनीही बाहुल्या तशाच होतात. फरक ओलेपणात असतो. ऑर्गनोफॉस्फेटचा रुग्ण ओला असतो: तोंडाला फेस, अंगाला घाम, छातीत बुडबुडे. कोरडा रुग्ण आणि बारीक बाहुल्या दिसल्या की थांबून विचार करावा.

आता सुईची खरी मर्यादा. वाफेच्या रूपातला नर्व्ह एजंट अंगात गेला आणि रुग्ण मोकळ्या हवेत आला, की आत जाणारं विष थांबतं. तिथे तीन सुया पुष्कळदा मोठं काम करतात. प्यायलेल्या कीटकनाशकाचं तसं नाही. पोटातून ते शोषलं जातच राहतं, काही विषं चरबीत साठून पुन्हा रक्तात उतरतात. तीन ड्युओडोट मिळून अ‍ॅट्रोपिन होतं 6.3 मिग्रॅ. रुग्णालयातली पद्धत बघा: शिरेतून 1.8 ते 3 मिग्रॅने सुरुवात, पाच मिनिटांनी छाती तपासायची, सुधारणा नसेल तर डोस दुप्पट, पुन्हा पाच मिनिटांनी दुप्पट. 1.8, 3.6, 7.2, 14.4. म्हणजे पंधराव्या मिनिटाला एकूण 27 मिग्रॅ. अ‍ॅट्रोपिनची ॲम्प्युल 0.6 मिग्रॅची असेल तर ही झाली 45 ॲम्प्युल. एक माणूस काचा फोडत बसला तर दुसऱ्याने औषध भरायचं आणि तिसऱ्याने छाती ऐकायची. जास्त ताकदीच्या मोठ्या व्हायल ठेवल्या तर हा सगळा खटाटोप वाचतो. रुग्णालयाने ऑटोइंजेक्टरवर पैसे घालण्याआधी या व्हायल भरपूर घ्याव्यात, असं आमचं ठाम मत आहे. भरपूर म्हणजे एका रुग्णासाठी पहिल्या दिवशीच शंभर मिग्रॅ लागू शकतात असं धरून.

थांबायचं कधी? स्टेथोस्कोप पाठीमागे फुप्फुसांच्या तळाशी ठेवा. बुडबुडे आणि शिट्टी दोन्ही गेले, नाडी 80 च्या वर, वरचा रक्तदाब 80 च्या वर, काख कोरडी: हे साध्य. मग एकूण जेवढं लागलं त्याच्या 10 ते 20 टक्के दर तासाला ठिबकातून. वरच्या उदाहरणात 2.7 ते 5.4 मिग्रॅ तासाला. एका बाजूलाच बुडबुडे राहिले असतील तर ती उलटी फुप्फुसात गेल्याची खूण असू शकते. त्यासाठी अ‍ॅट्रोपिन वाढवत नेऊ नये. बाहुल्यांवर विसंबू नये. वाफेने थेट डोळ्यांवर परिणाम झालेला असेल तर मांडीतल्या अ‍ॅट्रोपिनने बाहुल्या मोठ्या होत नाहीत, रुग्ण बरा होत असतानाही त्या बारीकच राहतात. उलट नाडी धावतेय म्हणून अ‍ॅट्रोपिन रोखूनही धरू नये. विषाने आणि श्वास कमी पडल्यानेही नाडी धावते. ऑक्सिजन हाताशी असेल तर लावाच, नसेल तर त्याची वाट बघत अ‍ॅट्रोपिन लांबवू नका.

पामचा हिशेब वेगळा आणि रंजक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आधी किलोमागे 30 मिग्रॅ, मग तासाला किलोमागे 8 मिग्रॅ. साठ किलोच्या माणसाचा पहिला डोस झाला 1800 मिग्रॅ, म्हणजे नेमक्या तीन ड्युओडोट. पहिल्या डोसापुरती सुई बरोबर बसते. पण पुढे तासाला 480 मिग्रॅ, दिवसाला साडेअकरा ग्रॅम. एक ग्रॅमच्या व्हायल धरल्या तर रोज बारा. ते सुईतून द्यायचं काम नाही. शिरेतून देताना पहिला डोस 15 ते 30 मिनिटांत हळू द्यायचा. घाईने ढकलला तर रक्तदाब चढतो, स्वरयंत्र आवळतं, हृदय बंद पडू शकतं. पामचा फायदा कीटकनाशकांत नक्की किती, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. 2006 च्या एका अभ्यासात सतत दिलेल्या मोठ्या डोसाने फायदा दिसला, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतल्या अभ्यासात दिसला नाही. अ‍ॅट्रोपिनबद्दल असा वाद नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी अ‍ॅट्रोपिन. काही देशांत पामऐवजी ऑबिडॉक्साइम वापरतात. अ‍ॅट्रोपिन 2 मिग्रॅ आणि ऑबिडॉक्साइम 220 मिग्रॅ अशी जोडसुईही आहे. ताबुन या नर्व्ह एजंटपुढे पाम दुबळं पडतं, तिथे ऑबिडॉक्साइम सरस ठरतं.

तिसरी सुई झटक्यांसाठी. ड्युओडोट झटके थांबवत नाही, आणि गंभीर रुग्णाला तीन सुया दिल्यावर झटक्यांचं औषध द्यायचंच. जुनी सुई डायझेपाम 10 मिग्रॅची. स्नायूतून डायझेपाम हळू आणि बेभरवशाने शोषलं जातं, ही तिची मूळ खोट. मिडाझोलाम स्नायूतून भराभर जातं. 2012 च्या रॅम्पार्ट अभ्यासात, जो विषबाधेचा नव्हता तर न थांबणाऱ्या झटक्यांचा होता, ऑटोइंजेक्टरने स्नायूत दिलेल्या मिडाझोलामने रुग्णालयात पोचेपर्यंत 73 टक्के रुग्णांचे झटके थांबले होते, शिरेतून दिलेल्या लोराझेपामने 63 टक्के. औषध कमी पडलं म्हणून नव्हे, शीर शोधण्यात वेळ गेला म्हणून. तिथे 40 किलोच्या वर 10 मिग्रॅ, 13 ते 40 किलोला 5 मिग्रॅ असा डोस होता. नवीन खरेदी असेल तर डायझेपामची सुई घेऊ नका, मिडाझोलामचीच घ्या. सोबत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मास्क हवाच, कारण मिडाझोलामनेही श्वास मंदावतो. आणखी एक सावधगिरी: स्नायू लुळे पडल्यावर झटके बाहेरून दिसेनासे होतात, मेंदूत ते चालूच असू शकतात. अंग शांत झालं म्हणजे झटके थांबले असं धरू नये.

सुई मारण्याआधी किंवा मारता मारता दुसऱ्या हातांनी कपडे काढायला सुरुवात करावी. 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन सोडलं गेलं, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांनाही डोळ्यांचा आणि श्वासाचा त्रास झाला होता. कपडे कापून काढा, डोक्यावरून ओढू नका. साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. केस, नखं, कातडीच्या घड्या विसरू नका. चामड्याचा पट्टा, बूट, घड्याळाचा पट्टा यांत विष मुरतं, ते परत घालू देऊ नका. रुग्णालयाला कळवताना हेही सांगा की सक्सिनिलकोलिन (श्वासनळीत नळी घालताना स्नायू सैल करणारं औषध) वापरलं तर त्याचा असर फार लांबतो, आणि मॉर्फिन, अमिनोफिलिन, थिओफिलिन टाळायचं.

साठवण हा या सुयांचा सर्वांत दुबळा भाग. 25 अंशांवर ठेवायच्या, 15 ते 30 अंशांपर्यंत चालतं, गोठू द्यायच्या नाहीत, उजेडापासून दूर. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हे तापमान सहज ओलांडलं जातं. टंचाईच्या काळात एफडीएने ठरावीक लॉटची मुदत तपासणी करून वाढवली होती, त्याचा दाखला देऊन आपल्या कपाटातल्या मुदत संपलेल्या सुया ठेवून घेणारे भेटतात. ती सूट त्या लॉटनंबरपुरती आणि नीट ठेवलेल्या साठ्यापुरती होती. प्रत्येक पेटीत तापमानाची नोंद ठेवणारी पट्टी ठेवा, लॉटनंबर आणि मुदत झाकणावर लिहा, आणि मुदत संपलेल्या सुया सराव म्हणून माणसावर, संत्र्यावर, कशावरच मारू नका. सरावासाठी बिनसुईचे ट्रेनर मिळतात. ते हातमोजे घालून, जाड कपड्यावरून, दहा सेकंद मोजत प्रत्येकाने दर काही महिन्यांनी वापरावेत.

कोणी काय घ्यावं: रुग्णवाहिका आणि बचाव पथकाने प्रत्येक सदस्यामागे तीन ड्युओडोट आणि एक मिडाझोलाम, शिवाय रुग्णांसाठी वेगळा साठा, कारण आपल्या वाटणीच्या सुया रुग्णाला देऊन टाकलेला बचावकर्ता स्वतः विनासुई उरतो. मुलं असण्याची शक्यता असेल तर अ‍ॅट्रोपेनचे लहान डोस. कारखाना आणि गोदाम यांनी ड्युओडोट, पण प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीत असेल तरच. रुग्णालयाने अ‍ॅट्रोपिनच्या मोठ्या व्हायल आधी, पाम नंतर, मिडाझोलाम, स्रावशोषक यंत्र आणि व्हेंटिलेटर. ऑटोइंजेक्टर दारातल्या पथकापुरते. आणि पहिल्या दिवशी सावरलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी घरी सोडू नये. 24 ते 96 तासांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा दुबळे पडू शकतात. त्याला उताणं झोपवून उशीवरून डोकं उचलायला सांगावं, दर काही तासांनी. डोकं उचलता आलं नाही तर व्हेंटिलेटर जवळ आणावा.